पाच सीटवाला मधला पक्ष

साओ टोमे आणि प्रिन्सिपे. मध्य आफ्रिकेतला हा देश म्हणजे समुद्रातली बेटं, लोकसंख्या सव्वादोन लाखाच्या आसपास, आपल्या इकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. पण तिथल्या पीसीडी नावाच्या मध्यममार्गी पक्षाबद्दल आपल्या गावच्या पोरांनी वाचायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटते.

१९७५ मध्ये पोर्तुगीज गेले अन् एमएलएसटीपी हा एकच पक्ष राहिला, दुसऱ्याला परवानगीच नाही, कोकोचे मोठमोठे मळे सरकारनं ताब्यात घेतले आणि उत्पादन खाली आलं. सगळा संसार एकाच पिकावर असला की काय होते ते आपल्या कापूसवाल्यांना सांगायची गरज नाही. १९९० मध्ये जनमत घेऊन नवी घटना आली, आणि जानेवारी १९९१ च्या पहिल्याच खुल्या निवडणुकीत पीसीडीनं ५५ पैकी ३३ जागा काढल्या. सत्तेतला पक्ष २१ वर. त्यानं खुर्ची सोडली, गोळीबार नाही काही नाही, मला तर हेच सगळ्यात मोठं वाटते.

पण पीसीडीला ते टिकवता आलं नाही. कर्ज देणाऱ्यांच्या अटी, महागाई, त्यात राष्ट्राध्यक्ष मिगेल त्रोवोआदा यांच्याशी बिनसलं, अन् १९९४ ला थेट १४ वर. लोकांनी ज्याला घरी बसवलं होतं तोच पक्ष २७ जागा घेऊन परत.

आता २०१८ पाहा. एडीआय या तिथल्या दुसऱ्या मोठ्या पक्षाला २५, एमएलएसटीपी २३, आणि पीसीडी ज्या आघाडीत होता तिला ५. बहुमताला २८ लागतात. त्या पाच जणांनी २३ वाल्यांना पाठिंबा दिला, बरोब्बर २८ झाले, सगळ्यात मोठा पक्ष बाहेर आणि जोर्जे बोम जेझुस पंतप्रधान. १९९१ ला ज्याला पाडलं त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले!

पारावर हे सांगितलं तं शेजारचे काका म्हणाले, "मंग ज्यानं त्याईले मत देल्लं त्यानं काय समजाव बे?" सवाल एकदम बरोबर आहे. आमच्या ग्रामपंचायतीत उपसरपंच निवडताना एक मेंबर असाच फिरला, रात्रीपर्यंत वॉर्डात कोणालाच पत्ता नाही, सकाळी दुसऱ्याच पार्टीच्या गाडीतून उतरला आणि कोणाकडं न पाहता सरळ हॉलमध्ये गेला.

मधल्या पक्षानं कोणाशीही जुळवावं, तो त्याचा हक्क आहे, पण कोणासोबत जाणार अन् कशासाठी हे मत मागतानाच सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

२०२२ ला एडीआयनं एकट्यानं ३० जागा आणल्या, त्यामुळं सरकार बनवायला मधल्या कोणाला विचारायची वेळच आली नाही.