पत्ते कोण वाटतंय?

वीस तारीख, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि सकाळी दहाला आमच्या ऑफिसातली अकरापैकी सहा मशीन आडवी. टॅली उघडेना, पोर्टल उघडेना. मी कोल्हापुरात एका सीएंच्या ऑफिसात अकाउंटंट आहे, नेटवर्किंग कधी शिकले नाही. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला, तेव्हापासून वायर असलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी माझ्याच नावानं हाक येते.

नेटवर्कवाल्याला फोन केला, तर तो परगावी. ‘मॅडम, सगळं एकदा बंद करून चालू करा.’ केलं. एक मशीन सुधारलं आणि धडधाकट असलेली दोन पडली. आर्टिकलशिपची पोरगी वैतागली, ‘माझं चालू होतं की ओ ताई!’

तिचं खरं होतं. माझं मशीन मात्र आदल्या रात्री बंद करायचं राहून गेलं होतं आणि ते मजेत चालू होतं. म्हणजे जे नव्यानं उठत होतं तेच बिघडत होतं. तातडीचे रिटर्न मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरायला दिले आणि मी तिच्या शेजारी बसले.

दोन्ही मशीनवर हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग चालवलं. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, ते दाखवतं. माझा पत्ता १९२.१६८.१.२४, गेटवे १९२.१६८.१.१. तिचा पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. तिसरा आकडा वेगळा! आमचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर बसतो. तिच्या मशीनच्या लेखी तो परक्या गावात होता, आणि त्या गावाला जायचा रस्ता तिचा गेटवे दाखवत नव्हता.

हा .०.१ कोण? आमचा राउटर तर नव्हे.

इथं डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटायची पद्धत, समजून घ्यावी लागली. मशीन सुरू झालं की अख्ख्या लॅनला, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कला, ओरडून विचारतं, ‘मला पत्ता कोण देतंय?’ राउटर म्हणतो, ‘हा घे.’ मशीन म्हणतं, ‘बरं, हाच घेते.’ राउटर म्हणतो, ‘दिला.’ चारच निरोप: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. यात ‘तू कोण?’ हा प्रश्न कुठंच नाही. दोघांनी ऑफर दिली तर मशीन बहुधा आधी आलेली उचलतं. आमच्याकडे पत्ते वाटायला दुसरा कोणीतरी बसला होता, आणि ज्याचा हात आधी पोचेल त्याचा डाव.

तिच्या मशीनवर एआरपीची यादी काढली; कुठला पत्ता कुठल्या वस्तूचा, हे तिच्यात असतं. .०.१ समोर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून येतानाच मिळालेला नंबर, दिसला. त्यातल्या पहिल्या तीन जोड्या वस्तू कुठल्या कंपनीची ते सांगतात. ती आमच्या राउटरची कंपनी नव्हती. मग .०.१ ला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, लावून ठेवलं आणि तिला म्हटलं, ‘उत्तर थांबलं की ओरड.’ सगळ्या केबल जिथं येऊन मिळतात त्या सोळा पोर्टच्या स्विचपाशी स्टूल घेतलं आणि तिची केबल सोडून बाकीची एकेक काढत, परत लावत गेले. नवव्या केबलला आतून आवाज आला, ‘थांबलं!’

ती केबल कपाटामागून मीटिंग रूममध्ये जात होती. तिथं टीव्हीच्या मागे धूळ खाल्लेला एक राउटर, दोन अँटेना वर करून. उलटा केला, तर लेबलवर तोच मॅक. केबल लॅनच्या भोकात, आणि बाहेरून इंटरनेट यायचं भोक रिकामं. आदल्या संध्याकाळी मोठ्या सरांनी घरचा जुना राउटर आणून जोडला होता, मीटिंग रूममध्ये वाय-फायला रेंज नाही म्हणून. केबल उपटली, सगळी मशीन पुन्हा सुरू केली. पावणेबारा वाजले होते.

त्या रात्री झोप मात्र नीट लागली नाही. हा डबा साधाभोळा होता, म्हणून गोंधळ झाला आणि आम्हाला कळलं. तोच कोणी मुद्दाम लावला असता, त्याला इंटरनेटही दिलं असतं, आणि पत्त्यासोबत स्वतःचा डीएनएस सर्व्हर वाटला असता तर? बँकेचं नाव टाइप केल्यावर कुठल्या आकड्यावर जायचं हे डीएनएस ठरवतं. खोट्या साइटवर ब्राउझर सर्टिफिकेटची सूचना दाखवतो, हे खरं. पण शेवटच्या तारखेला ‘तरीही पुढे जा’ दाबणारे लोक मी रोज बघते.

आणि हे काही कोणापासून लपलेलं नाही. डीएचसीपीचं १९९७ चं मानक, आरएफसी २१३१, स्वतःच सांगतं की सध्याच्या रूपात हे बरंच असुरक्षित आहे. मागून २००१ मध्ये ओळख पटवायची सोय लिहिली गेली. ती फारशी कोणी वापरली नाही. एआरपी तर १९८२ चं. ‘हा पत्ता माझा’ असं कोणीही म्हणावं आणि बाकीच्यांनी मानावं, असा त्याचा कारभार. चार ओळखीच्या माणसांत चालणारी उधारीच ती.

पुढच्या महिन्यात नेटवर्कवाल्याकडून मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याला नियम घालून देता येतात असा स्विच, बसवून घेतला आणि त्यात डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं. आता ऑफर फक्त खऱ्या राउटरच्या पोर्टवरून येऊ शकते. दुसऱ्या कुठल्या पोर्टवरून आली की स्विच ती तिथंच गिळतो. खर्चाच्या कागदावर सरांनी न बोलता सही केली.

वाय-फायची रेंज मात्र मीटिंग रूममध्ये नव्हतीच. मग तोच डबा पुसून घेतला, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपीसमोरची टिक काढली आणि तीच केबल त्याच भोकात लावली.