पालक मेळाव्यातली वही

आज आमच्या आयटीआयमध्ये पालक मेळावा झाला. "दहावीला मार्क कमी पडले म्हणून इथं टाकला," हे तर दरवर्षीचंच.

पण वायरमन ट्रेडच्या एका मुलीची आई वहीत प्रश्न लिहून घेऊन आली होती. अप्रेंटिसशिप (कंपनीत शिकाऊ म्हणून काम) चाकणला मिळाली तर राहायचं कुठे? विद्यावेतन खात्यात जमा होतं ना? कामाची शिफ्ट कशी असते? पुढे डिप्लोमा करता येईल का? म्हटलं, ताई, दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. त्यांनी "थेट दुसरं वर्ष" लिहून खाली दोन रेघा मारल्या. (आमच्या निम्म्या पोरांनाही हे माहीत नसतं!) ओळखपाळख, पैसा यांपेक्षा असे प्रश्न विचारणारं माणूस घरात असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

फिटर ट्रेडच्या एका मुलाच्या वडिलांचं म्हणणं वेगळं. वर्षभर शिकाऊ म्हणून राबण्यापेक्षा पार्सल पोचवून जास्त पैसे सुटतात. हिशेब चुकीचा नाही, आजच्यापुरता. मी अप्रेंटिसशिपच्या प्रमाणपत्राबद्दल बोललो. रेल्वेतच अप्रेंटिसशिप केली तर तिथल्या लेव्हल 1 च्या (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत अशा उमेदवारांसाठी 20 टक्के जागा असतात, हेही सांगितलं. "बघतो सर," म्हणाले. डोक्यावर हप्ते असलेल्या माणसाला याहून जोर तरी काय करणार? सोमवारी बापलेकांना एकत्र बोलावलंय. कुणाचा मुलगा फिटर होऊन रेल्वेत लागला असेल तर कमेंटमध्ये सांगा, या बापलेकांशी त्यांची गाठ घालून देतो.