बँकॉक : दोघांसाठी, जरा हात सैल सोडून

बँकॉकमध्ये समलिंगी जोडप्याने पैसे कशावर खर्च करावेत, या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे : चाओ फ्राया नदीकाठच्या हॉटेलावर. ‘गे-फ्रेंडली’ अशी पाटी लावून विकल्या जाणाऱ्या खास सहलींवर जास्तीचे पैसे घालवण्याचे कारण मला तरी दिसले नाही, कारण ज्या वागणुकीसाठी आपण ते मोजणार, ती इथल्या चांगल्या हॉटेलांत न मागता मिळते. ‘सर, बेड वेगवेगळे करून देऊ का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या स्वागतकक्षांत ज्यांनी वारंवार ऐकला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. इथे आमचे दोन पासपोर्ट घेतले गेले, गवती चहाचे गार सरबत आणि मोगऱ्याचा छोटासा गजरा हातात आला, आणि रात्री परतलो तेव्हा एकाच पलंगाच्या दोन्ही बाजूंना सपाता मांडून ठेवलेल्या होत्या.

नदीच्या पूर्व काठावर १८७६ पासून चालत आलेले मँडरिन ओरिएंटल आहे, तर समोरच्या थोनबुरीच्या काठावर पेनिन्सुला. पेनिन्सुलाच्या प्रत्येक खोलीतून नदी दिसते, म्हणून राहायला मी तेच सुचवेन. मँडरिन ओरिएंटलच्या जुन्या इमारतीतील ऑथर्स लाउंजमध्ये दुपारच्या चहाला जाता येते आणि तिथल्या बांबू बारमध्ये रात्री जॅझ ऐकता येते. मात्र चप्पल आणि अर्धी पँट घालून तिथे जाऊ नये. दोन्ही हॉटेलांच्या होड्या साथोर्न धक्क्यापर्यंत पाहुण्यांना मोफत सोडतात. धक्क्याला लागूनच सफान ताक्सिन हे स्कायट्रेनचे स्थानक आहे आणि तिथून चारच स्थानकांवर साला डेंग, म्हणजे सिलोम, समलिंगींच्या बारांचा भाग. संध्याकाळच्या वाहतुकीत टॅक्सीत अडकून बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुखाचा आहे. परतताना मात्र मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात हे ध्यानात ठेवून ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी मागवावी.

दिवसा बँका आणि कचेऱ्यांचा असलेला सिलोम रस्ता रात्री निराळाच होतो. सोई म्हणजे गल्ली, आणि सोई ४ ही चिंचोळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या बारांची टेबले एकमेकांकडे तोंड करून मांडलेली असतात, त्यामुळे गल्लीतून चालणारा प्रत्येकजण आपोआपच रंगमंचावर येतो. टेलिफोन आणि बाल्कनी ही तिथली जुनी ठिकाणे असून, नुसते बिअर घेऊन बसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या जोडप्यालाही तिथे अवघडल्यासारखे होत नाही. नाचायचे असेल तर शेजारच्या सोई २ मधील डीजे स्टेशन. दारावर वय तपासतात आणि किमान वय २० आहे, म्हणून पासपोर्ट जवळ असावा. जवळच्या पाटपोंगमध्ये ‘शो’चे दरपत्रक नाचवणाऱ्या दलालांच्या मागे वरच्या मजल्यावर जाऊ नये, बिल पाहून डोळे पांढरे होतात.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला आहे. आग्नेय आशियात असा कायदा करणारा हा पहिलाच देश. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला असल्याने, तिथे केलेल्या नोंदणीचा भारतात कायदेशीर उपयोग नाही. शिवाय थायलंडचे सगळेच गोडवे गाण्यासारखे नाही : ट्रान्स व्यक्तींना कागदोपत्री लिंग बदलण्याची मुभा तिथल्या कायद्याने अजून दिलेली नाही. रस्त्यावर हात धरून चालल्यास कोणी वळून पाहत नाही. चुंबन, मिठ्या वगैरे मात्र स्त्री-पुरुषांनीही चारचौघांत केलेले थाई लोकांना रुचत नाही. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. राजघराण्याबद्दल विनोदसुद्धा करू नये. त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. नव्याने ओळख झालेला कोणी मित्र खोलीवर आणल्यास हॉटेल त्याचे ओळखपत्र मागते, आणि ते आपल्याच हिताचे आहे.

एक संध्याकाळ सुखुमवित रस्त्याच्या सोई ५३ मधील ‘गा’ या रेस्टॉरंटसाठी राखून ठेवावी. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा मिशेलिन तारा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शेफ. त्यांचे हे रेस्टॉरंट जुन्या लाकडी थाई घरात आहे. आरक्षण बरेच आधी करावे. एरवी शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. ज्या दुकानावर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, तिथे मांस, अंडी, फिश सॉस आणि लसूणही नसते. फक्त ‘व्हेज’ म्हटल्यास फिश सॉस हमखास येतो.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगली, पण डिसेंबरअखेरीस खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. जूनमध्ये पाऊस असतो, भाव उतरतात आणि प्राइडची मिरवणूकही तेव्हाच निघते. पावसाची तक्रार नसलेल्या कोकणी माणसाने बेलाशक जूनच निवडावा. थायलंडमध्ये पोहोचण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन पत्रक भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसल्यास तिथूनच मागे फिरावे.