तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा लपवता का?

रस्त्यावर न विचारता लोकांचे फोटो काढता, कुणी हटकत कसं नाही, कॅमेरा लपवता का? भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो.

लपवत नाही. चोरटी हालचाल लोकांच्या नजरेत आधी भरते. माझा कॅमेरा लहान, काळा, मनगटाला दोरीने अडकवलेला. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर) रुंद दृश्य टिपणारी 28 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ-8 इतकं लहान, शटर 1/500 सेकंद, आवाज बंद. फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवतो. मग साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. कुणावर कॅमेरा रोखत बसावं लागत नाही.

खरं काम थांबण्याचं. नागपूरच्या इतवारी बाजारात दुपारी दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा पट्टा गल्लीत उतरतो. मी त्याच्या कडेला उभा राहतो. आधी सगळे बघतात. "काय करून राह्यले भाऊ?" ऊन पाहतोय, म्हणतो, आणि खरंच पाहत असतो. अर्ध्या तासाने माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग एखादा हमाल पोतं घेऊन त्या पट्ट्यात शिरतो, मानेवरचा घाम चमकतो, की झालं. त्यानंतरही कॅमेरा झटकन खाली घेत नाही, मागच्या भिंतीकडे बघत राहतो. कॅमेरा खाली आला की माणसाला कळतं, फोटो आपलाच होता.

मारबतीच्या मिरवणुकीत यातलं काहीच लागत नाही. तिथे सगळेच फोटो काढतात.

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी मात्र 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. त्या फोटोंचं पुस्तक आलं 1966 साली. इतकी वर्षं का थांबले, असं मला तरी विचारावंसं वाटत नाही.

कारण बुधवारी बाजारात मेथी निवडणाऱ्या एका मावशींनी एकदा विचारलं होतं, "माझा फोटू काढला का रे बाबू?" मी चटकन "नाही" म्हणालो. फोटो सुरेख आला होता: काळपट हिरवी बोटं, मांडीवर देठांचा ढीग. कुणालाच दाखवता येईना. पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन गेलो, खोटं बोललो ते सांगितलं, नको असेल तर मूळ फोटोही पुसतो म्हणालो. त्यांनी प्रिंट पदराने पुसली, उन्हात धरून पाहिली आणि तराजूखाली सरकवून दिली.

"राहू दे," म्हणाल्या. "मेथी घेतं का?"