दाढेवरची चंद्रकोर

'सर, ही सगळी ग्रीक नावं तुमच्या लक्षात राहतात तरी कशी?' प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मी ती पाठ केलेलीच नाहीत. ग्रीक 'ओदोन्त' आणि आपला 'दन्त' एकाच घरातले. त्यामुळे शेवटी 'ओडॉन्ट' दिसलं की दाताचं बोलणं चाललंय एवढं कळतं. उरलेलं अर्धं नाव म्हणजे चित्र असतं, आणि चित्र कोण पाठ करतं?

गाईची झिजलेली दाढ वरून पाहा. इनॅमलच्या कडा हुबेहूब चंद्रकोरीसारख्या. सेलेनी म्हणजे चंद्र, झाली सेलेनोडॉन्ट. तुमच्या-माझ्या दाढांवर (आणि डुकराच्याही, रागावू नका) गोलसर उंचवटे असतात. बूनोस म्हणजे टेकडी, म्हणून ब्यूनोडॉन्ट. घोड्याची दाढ हिप्सोडॉन्ट, म्हणजे उंच. गवतातली सिलिका आणि त्यावरची माती दात सतत घासत राहते, म्हणून झिजायला भरपूर माल हवा. तो हिरडीखाली दडलेला असतो आणि झिजेल तसा वर सरकतो.

डायफिओडॉन्ट मात्र मी पुस्तकाआधी बैलबाजारात शिकलो. दोनदा उगवणारे दात, आधी दुधाचे, मग कायमचे. काका खोंडाचा खालचा ओठ ओढून पाहायचे आणि म्हणायचे, 'दोनदाती आहे.' म्हणजे पुढची पहिली कायमची जोडी आलेली, वय दोन वर्षांच्या आसपास. पुढे चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. वरच्या जबड्यात बैलाला पुढे दात नसतातच, तरी दर बाजारात कुणी तरी नवखा तिथेच बोटं घालायचा.

आता राहिला मॅस्टोडॉन, हत्तीचा नामशेष झालेला लांबचा नातलग. त्याच्या दाढेवरचे जोडीजोडीचे उंचवटे पाहून फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी 1806 मध्ये हे नाव दिलं. 'मास्तोस' म्हणजे स्तन. शास्त्राच्या नियमानं 1799 मधलं मॅमट हे आधीचं नाव अधिकृत ठरलं, पण ते म्हणतं कोण? वर्गात हा अर्थ सांगायची वेळ आली की मी फळा पुसायला लागतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच. परीक्षेत बाकी सगळं चुकवणाऱ्या मुलांचाही तेवढा एक प्रश्न बरोबर येतो.