तुम्ही विचारलंत म्हणून: बाईंना काय द्यावं?

सत्र संपायला पंधरा दिवस राहिले की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो. ‘बाईंना काय द्यावं गं?’ बहिणीची मैत्रीण विचारते, शेजारची नवी आई विचारते. परवा तर एका बाबांनी लिफ्टमध्ये गाठलं. त्यांना तिसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, ते माझ्याबरोबर सातव्यापर्यंत आले.

मला विचारतात कारण मी बारा वर्षं बालवर्गाची बाई होते आणि त्याआधी दोन वर्षं पाळणाघरात. आता माझी मुलगी शाळेत जाते. म्हणजे मी घेतलंयही आणि दिलंयही, आणि दोन्हीकडे चुका केल्यात.

चार ओळींची चिठ्ठी लिहा, बाकी काही दिलं नाहीत तरी चालेल, हे माझं उत्तर. त्यावर कुणाचं समाधान होत नाही. ‘हो हो, ते तर लिहीनच, पण सोबत काय देऊ?’ हे येतंच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मगांचं. नोकरी सोडताना वर्गातलं कपाट आवरलं तेव्हा ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले एकोणीस मग निघाले. त्यांतले तीन अजून वापरात आहेत: दोनांत रंगीत पेन्सिली, एकात टूथब्रश. यात कुणा एकाचा दोष नाही. प्रत्येक घरात वेगळा विचार होतो, ‘मग देऊ या, उपयोगी पडेल’, आणि तीस घरांतला तो वेगळा विचार एकाच सकाळी बाईंच्या टेबलावर येऊन बसतो. तसंच सुगंधी मेणबत्त्यांचं. आमच्यातल्या एकीला उग्र वासाने अर्धशिशी उठायची. बिचारी हसून घ्यायची आणि पिशवी वर्गाबाहेर ठेवायची. आणि शेवटच्या दिवशी बाई घरी कशा जातात याचा विचार कुणीच करत नाही. मी बसने जायचे. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर पर्स, वर काचेची फ्रेम. फूल ना फुलाची पाकळी द्यायचीच असेल तर ती पर्समध्ये मावू दे.

जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९३ साली यावर चक्क हिशेब मांडला होता. नाताळात मिळालेल्या भेटी तुमच्या लेखी केवढ्याच्या, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं. देणाऱ्याने जेवढे खर्च केले असतील, त्याहून घेणाऱ्याच्या लेखी ती वस्तू एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. देणारा जितका लांबचा, तितकी घट साधारण जास्त. आपण बाईंना रोज भेटतो खरे, पण त्यांना काय आवडतं, घरी काय आहे, काय नाही, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? मला मात्र त्या हिशेबातली एक तळटीप जास्त आवडते. किंमत सांगताना भावनेचा भाग वगळा, असं त्या विद्यार्थ्यांना सांगितलेलं होतं. वगळला तो भाग म्हणजेच चिठ्ठी, असं माझं म्हणणं. त्यावर येतेच.

त्याआधी मोठ्या भेटीचं सांगते, कारण तिथे नुसती अडगळ होत नाही, नुकसान होतं. एका वर्षी, सत्राच्या मध्यावरच, एका आईने मला घड्याळ दिलं. चांगलं, भारीतलं. तिचा मुलगा मागून हाक मारली की वळायचा नाही. माझ्या वहीत तशा तीन नोंदी होत्या आणि ‘एकदा कान तपासून घ्या’ हे मला त्याच आठवड्यात तिला सांगायचं होतं. घड्याळ हातात पडलं आणि माझी जीभ अडखळली. इतक्या प्रेमाने दिलंय, लगेच त्यांच्या पोरात काय खोट काढायची! आज सांगू, उद्या सांगू करत दोन आठवडे गेले. शेवटी सांगितलं, त्यांनी लगेच तपासणी केली. पडद्यामागे पाणी साठलं होतं. उपचार झाले, मुलगा ठीक झाला. त्या आईच्या मनात काही वावगं नव्हतं, मलाही काही नको होतं. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. दोन आठवडे त्या पोराला नीट ऐकू येत नव्हतं आणि मी मनगटाकडे बघत गप्प होते. घड्याळ नंतर परत केलं. तो प्रसंग घेण्यापेक्षा अवघड होता, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तेव्हा भारीतलं काही नकोच. आणि जे काही द्याल ते गुण, शेरे, प्रगतिपुस्तकं सगळं हातात आल्यावर. आधी दिलेलं कितीही निर्मळ असलं तरी बघणाऱ्याला ते निर्मळ दिसत नाही. ऑफिसात एकदा विचारून घ्या. बऱ्याच शाळा-पाळणाघरांत याचे नियम असतात. कुठे काहीच चालत नाही, कुठे ठरावीक रकमेपर्यंत चालतं, आणि रोख पैसे किंवा गिफ्ट कार्ड चालत नाहीत अशा जागा पुष्कळ. बाईंना तोंडावर ‘नाही’ म्हणायला लावण्यापेक्षा आपण फोन करणं सोपं.

वर्गणी काढणार असाल तर आकडा ठरवू नका आणि कोणी किती दिले त्याची यादी ग्रुपवर टाकू नका. ज्याने काही दिलं नाही त्याच्याही मुलाचं नाव कार्डावर हवं. एवढं पाळणार नसाल तर वर्गणी काढूच नका.

आता माझी चूक. मुलगी पाळणाघरात होती त्या वर्षी शेवटच्या दिवशी मी तिच्या ताईंसाठी छान गुंडाळलेलं पुस्तक आणि पत्र घेऊन गेले. फाटक उघडलं मावशींनी. रोज दुपारी माझ्या मुलीला भरवायच्या त्याच. माझ्या हातातलं बघून म्हणाल्या, ‘ताईंना आवडेल हो.’ आणि फाटक धरून उभ्या राहिल्या. मी चौदा वर्षं हेच काम केलेली बाई! माझ्याकडे त्यांच्यासाठी कागदाचा तुकडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी नेलं, पण दुसऱ्या दिवशी नेलेलं ते दुसऱ्या दिवशी नेलेलंच असतं.

पाळणाघरात हे फार होतं. सकाळी मूल घेते ती एक, संध्याकाळी हातात देते ती दुसरी, आणि दुपारभर ज्यांच्या मांडीवर ते असतं त्या तिसऱ्याच. त्यांचा चेहराही आपल्याला धड ठाऊक नसतो. बस असेल तर गाडीतल्या ताई आणि ड्रायव्हरकाका वेगळेच. म्हणून ऑफिसात विचारायच्या आधी मुलाला विचारा: झोपवतं कोण? शी झाली की कोणाला सांगतोस? पडलास तेव्हा उचललं कुणी? जी नावं येतील ती तुमची यादी. एखादं नाव आपण पहिल्यांदाच ऐकतो. मध्येच नोकरी सोडून गेलेल्या ताईंचंही नाव येईल. त्यांनाही निरोप पाठवता येतो.

आणि आता चिठ्ठी. माझ्याकडे बारा वर्षांतल्या पत्रांचा एक बुटाचा खोका आहे. त्यातली बरीच ‘तुमच्या अथक परिश्रमांबद्दल आम्ही ऋणी आहोत’ या चालीवरची. चांगली आहेत, पण सत्कार समारंभातली वाटतात. कोणाची कोणती हेही आता आठवत नाही. एक मात्र तोंडपाठ आहे. वहीचं फाडलेलं पान, निळ्या पेनाने लिहिलेलं: ‘ती घरी बाहुलीला झोपवताना म्हणते, डोळे नको मिटूस, फक्त पाय झोपव. हे तुमचं असणार.’

माझंच होतं. न झोपणाऱ्या पोरांसाठी मी काढलेली ती युक्ती. आधी पाय झोपवायचे, मग गुडघे, पोटापर्यंत येईतो मूल गेलेलं असायचं. पण ती युक्ती कुणाच्या घरी जाते, बाहुलीपर्यंत पोचते, हे मला कसं कळणार? बाईंना फाटकाच्या आतलं तेवढं दिसतं. मूल घरी काय घेऊन जातं ते आई-बापांनी सांगितलं तरच कळतं. म्हणून मी चिठ्ठीच्या इतकी मागे लागते. ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहूच शकत नाही.

‘लिहायला लाज वाटते हो, काहीतरीच वाटेल त्यांना’ हेही ऐकते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासून प्रसिद्ध केलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला, आणि अवघडलेपण लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी. शुद्धलेखनाची काळजी तर सोडूनच द्या. आम्ही दिवसभर उलटे ‘क’ वाचतो.

मुलाचं चित्र देणार असाल तर ते सुधारू नका, फक्त मागे लिहा: हे काय आहे, कोणी काढलं, कोणत्या वर्षी. माझ्या खोक्यात सहा पायांचा एक नारिंगी प्राणी आहे. तो मीच आहे की काय, ही शंका आजही मिटलेली नाही. आणि पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना किंवा पाळणाघर चालवणाऱ्यांना दिलीत तर उत्तम. कराराच्या नोकरीवरच्या ताईला तो कागद कोणत्याही भेटीपेक्षा जास्त कामाला येतो.

त्या लिफ्टमधल्या बाबांना मी एवढंच विचारलं होतं, ‘घरी बाईंचं काय बोलतो तो?’ ‘काही नाही बोलत,’ ते म्हणाले. मग थांबले. ‘म्हणजे, हात धुताना मोजतो. दहा झाले की दहा-एक, दहा-दोन. आम्ही अकरा म्हणायला गेलो की भांडतो, आमच्या बाई असंच म्हणतात म्हणून. आणि नळ बंद करू देत नाही, दहा-दहा होईपर्यंत. पाहुणे आले होते, त्यांनाही...’

सातवा मजला आला होता. दार पायाने अडवून ते सांगत होते आणि खाली कुणीतरी सारखं बटण दाबत होतं.