यंदा काय सोडणार?

राखेचा बुधवार, म्हणजे कपाळावर राख लावून ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करायचा दिवस, जवळ आला की वसईपासून वांद्र्यापर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा काय सोडणार? उत्तरं ठरलेली. मटण, दारू, गोड, आणि अलीकडे मोबाइल. त्यातलं मटण सोडणं सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळायचं, मासे चालतात; म्हणून कोंबडीची जागा पापलेट घेतं. नियम अक्षरशः पाळला जातो आणि बाजारहाटाचा खर्च वाढतो. साबुदाण्याच्या खिचडीला हसायचा हक्क मग आपल्याला राहत नाही.

कॅथलिकांना सक्ती अशी थोडीच आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं; बाकी दोन वेळचं मिळूनही त्या एका जेवणाएवढं व्हायला नको. आजारी माणसांना सूट. शुक्रवारचा मांसाचा नियम सोडला तर उरलेले दिवस कसे घालवायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि घोळ होतो तो इथेच, कारण ठरवताना हात सढळ असतो. रोज पहाटे चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक उपासना), रोज अख्खी जपमाळ, फेसबुक बंद, भात बंद. पहिला आठवडा संपायच्या आत यातली दोन व्रतं गळालेली असतात आणि उरलेली दोन घरच्यांवर चिडचिड करत पाळली जातात.

त्यापेक्षा चहाचा एक कप घ्यावा. म्हणजे घेऊ नये.

सगळा चहा नव्हे. दिवसाला चार कप पिणाऱ्याने तो एकदम तोडला तर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आणि ते आठवडाभरही छळू शकतं. ही काही आध्यात्मिक वेदना नाही, कॅफिन आहे. गुरुवारी-शुक्रवारी ज्यांचं व्रत मोडतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं याच डोकेदुखीने मोडलेलं असतं. सगळाच सोडायचा असेल तर आधीच्या आठवड्यात दोन-दोन दिवसांनी एक कप कमी करत यावं. पण संध्याकाळचा टपरीवरचा एकच सोडला तरी पुरतो, कारण त्या एका कपात उपवास, दान आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी बसतात. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात. त्यात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल सांगितलंय, आणि तिन्ही गुपचूप करा असंही. उपवास करताना तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळायचं नाही. हे ऐकून आपण कपाळावर राखेचा क्रूस घेऊन भर गर्दीच्या लोकलमध्ये चढतो, ती गंमत वेगळी.

तर, चहा राहिला हा उपवास. त्याचे १५ रुपये वाचले. ते त्याच वेळी घरातल्या डब्यात टाकायचे. महिनाअखेरी हिशोब करून देऊ म्हटलं तर तो हिशोब कधीच होत नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस, त्यातले सहा रविवार वजा, म्हणजे ४० दिवस; डब्यात ६०० रुपये. आणि टपरीवर जाणारी दहा मिनिटंही हातात उरली. ती मोबाइलवर गेली तर उपवास झाला, प्रार्थना राहिली. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत छोटं, ६७८ वचनांचं. रोज १७ वाचली की चाळीस दिवसांत बसतं. फक्त आकड्याला चिकटू नये. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीची भूतग्रस्ताची गोष्ट २० वचनांची आहे. सतराव्यावर थांबलं तर गावकरी येशूला निघून जायची विनवणी करतायत आणि बरा झालेला माणूस तसाच ताटकळतोय. गोष्ट संपवून उठावं, दुसऱ्या दिवशी कमी वाचावं.

रविवारी काय? रविवार उपवासात मोजत नाहीत, तेव्हा चहा खुशाल प्यावा. वाचन मात्र चालू ठेवलेलं बरं, नाहीतर सोमवारी पुस्तक उघडायचा कंटाळा येतो. कोणाकडे गेल्यावर यजमानीणबाईंनी कप पुढे केला तर मुकाट्याने प्यावा. ‘माझा उपवास आहे’ असं सांगितलं की ती माउली लिंबू सरबत, मग फळं, मग राजगिऱ्याचे लाडू काढते, आणि मत्तयाचा सहावा अध्याय वाया जातो. घरी येऊन डब्यात १५ रुपये टाकले की झालं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नये. दुप्पट केलेलं तिसऱ्या दिवशी सुटतं.

ज्यांना रोजचं काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी शुक्रवार आहेत. क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांपाशी थांबून केलेली प्रार्थना; तिची स्थानं १४, आणि राखेच्या बुधवारनंतर शुभ शुक्रवार धरून शुक्रवार येतात बरोबर ७. दर शुक्रवारी दोनच स्थानं करायची, घरात, पाच-सात मिनिटांत. शुभ शुक्रवारी आपण आपोआप तेराव्या-चौदाव्यावर, कबरीपाशी पोहोचतो. आणि तिसऱ्या शुक्रवारी, नेमका उत्साह ओसरायच्या सुमाराला, जोडी येते सिमोन आणि वेरोनिकाची : एकाला शिपायांनी धरून क्रूस उचलायला लावलेला, दुसरी आपण होऊन गर्दीतून रुमाल घेऊन पुढे झालेली.